दौलत पाटलाचा आवाज

माझ्या बाबांना दोन आवाज होते. यंत्राला आम्ही त्यांतला चुकीचा दिला.

घरातला आवाज खालचा होता आणि तोही ते फारसा वापरत नसत. भाजीत मीठ कमी असलं तर ते नुसते ताटाकडे बघत आणि माय उठून मीठ आणे. मी गडचिरोलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले, त्यांना फोन घेऊन दिला, तेव्हा त्यांचं बोलणं दोन शब्दांत संपायचं. "हं. पोचलो."

दुसरा आवाज नाटकातला. लटारू या खऱ्या नावाने त्यांना गावाबाहेर कोणी ओळखत नसे. दौलत पाटील म्हटलं की सिंदेवाहीपासून कुरखेड्यापर्यंत लोक मागे वळून बघत. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपनीची गाडी त्यांना घेऊन जायची आणि उन्हाळा लागेपर्यंत ते गावोगावी खलनायक करायचे. आमच्या झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं आणि खलनायकाला शिव्या पडल्या नाहीत तर त्याची रात्र वाया गेली असं समजतात. बाबांची रात्र वाया जात नसे. नायिकेला धानाच्या कोठारात कोंडून ते म्हणत, "रड पोरी, मनभर रड. या भिंतीतून आवाज बाहेर जात नाही." मग हसत. ते हसू वाक्य संपायच्या आतच सुरू व्हायचं, शेवटच्या शब्दाला चिकटलेलं. समोर बसलेल्या बाया कडाकडा बोटं मोडत. एका मंडईत एका म्हातारीने त्यांना चप्पल फेकून मारली. बाबांनी ती चप्पल बक्षिसासारखी घरी आणली. मायने ती अंगणाबाहेर ठेवायला लावली.

त्यांना वाचता येत नव्हतं. संहिता मी वाचून दाखवायची, शाळेत असल्यापासून. बाजेवर डोळे मिटून ते ऐकत, स्वतः एकदाही म्हणून बघत नसत. तो आवाज घरात काढायचा नाही असा मायचा नियम होता. मला वाचनाची सवय अशी लागली, कोण्या पाटलाचं दुष्टपण सपाट सुरात वाचता वाचता.

मायचा आणखी एक नियम होता. पहाटे नाटकाहून आल्यावर तोंडाचा रंग धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. बाबा हातपंपावर तोंड धूत आणि मग दारावर एका बोटाने वाजवत. दोनदा, थोडं थांबून पुन्हा एकदा. आम्ही उठू नये म्हणून इतकं हळू, की मायशेजारी झोपलेल्या मला ते कधी ऐकू आलं नाही, मायने सांगितलं तेवढंच माहीत. मायला यायचं. वीज पडली तरी कूस न बदलणारी माय त्या बोटाला उठायची. बाबांचं एकही नाटक तिने बघितलं नाही. आत्या चिडवायच्या, नवरा एवढा नावाजलेला, तू काऊन जात नाही? ती म्हणे, "पाटील तुमाले ठेवा. मले धुतलेला माणूस पुरते."

तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन कॅन्सर झाला, तोंड गेलं. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, तीत जीभ आणि स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आणि नाकात नळी घेऊन ते घरी आले, तेव्हा मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. ते नुसते बघत आणि माय उठे. पूर्वीही तसंच होतं. मग गाठ मानेत परत आली आणि चंद्रपूरच्या इस्पितळात भरती करावं लागलं. तिथे मायला सदोदित जवळ बसू देत नव्हते, आणि तिच्याशिवाय त्यांचं बघणं कोणाला वाचता येत नव्हतं. पाटीवर लिहून दाखवा, असं एक डॉक्टर रोज सांगायचे. यांना लिहिता येत नाही, हेही त्यांना रोज सांगावं लागायचं.

तेव्हा कहकशाँ मॅडम आल्या. ज्यांची वाचा गेली आहे अशा रुग्णांसाठी इस्पितळाने त्यांना नेमलं होतं. बल्लारपूरहून रोज गाडीने येत. त्यांच्याकडे एक टॅब होता. त्यावर चित्रं होती आणि चित्राला बोट लावलं की तो वाक्य बोलायचा. वाक्यं आम्ही ठरवायची. आवाजही रुग्णाचाच देता येतो, म्हणाल्या, फक्त पूर्वीचं चांगलं अर्धा तास बोलणं रेकॉर्ड केलेलं पाहिजे.

माझा धाकटा भाऊ प्रवीण मूलला मोबाईलचं दुकान चालवतो. दुसऱ्याच दिवशी तो कंपनीकडून बाबांच्या नाटकांची रेकॉर्डिंगं घेऊन आला. मॅडमनी कानाला लावून ऐकलं आणि विचारलं, "हे तर सगळं स्टेजवरचं आहे. घरातलं काही नाही?"

मी माझा फोन शोधला. एक निरोप सापडला. हं. पोचलो.

मॅडम म्हणाल्या, मशीन जे ऐकतं तेच शिकतं. नुसता गळा शिकत नाही, बोलायची तऱ्हाही शिकतं. हे ऐकून शिकलं तर पाणीसुद्धा दम देऊन मागेल. प्रवीण म्हणाला, आवाज बाबांचाच आहे ना, मग झालं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. दुसरं काही द्यायला माझ्याकडे नव्हतं.

वाक्यं मी लिहिली, आमच्या बोलीत. पेल्याच्या चित्राला 'पाणी दे'. पंख्याला 'गरम होऊन राह्यलं'. मानेवर हात धरलेल्या माणसाच्या चित्राला 'लय दुखून राह्यलं'. मायच्या फोटोला 'शकू, जवळ बस'. हे शेवटचं वाक्य त्यांनी घरी कधी उच्चारलं नव्हतं. मला वाटलं, आता उच्चारावं.

त्यांनी आधी पेल्यावर बोट ठेवलं. "पाणी दे," दौलत पाटील म्हणाला.

सगळा वॉर्ड वळला. शेजारच्या खाटेवर अहेरीकडचा बुधू होता, मांडीचं हाड मोडून पडलेला. तो कोपरावर उठला आणि म्हणाला, "अरे, हा तं पाटील होये." करिश्मा सिस्टर हातातली सुई तशीच धरून हसायला लागली. तिने लहानपणी त्यांना बघितलं होतं, आईच्या पदराआडून. म्हणाली, तुमच्यामुळे मी कोठारात जायला भ्यायची.

बाबा खूश झाले. हे लिहिलंच पाहिजे. त्यांचे डोळे असे उजळलेले मी वर्षभरात पाहिले नव्हते. त्यांनी पुन्हा पाणी मागितलं, तहान नसताना. मग मायच्या फोटोवर बोट ठेवलं.

"शकू, जवळ बस." आणि शेवटच्या शब्दाला चिकटून ते हसू.

लोक हसले. कोणी शिट्टी मारली. माय स्टुलावरून उठली, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि खाटेपासून लांब जाऊन उभी राहिली. संध्याकाळी मला म्हणाली, "त्या माणसाले मी दारात उभं नाई केलं आजवर. तुमी त्याले खाटेवर आणून बसवलं."

त्यानंतर भेटीच्या वेळी आमच्या खाटेभोवती गर्दी व्हायला लागली. प्रवीणने मिशीचं चित्र टाकून कोठारातला संवाद टॅबवर चढवला, त्याचा व्हिडिओ काढून पसरवला. दुसऱ्या वॉर्डांतले नातेवाईक बघायला येत. बुधू तर स्वतःला कंपनीचा मॅनेजर समजायला लागला, सकाळी चहा झाला की म्हणायचा, "पाटील, होऊन जाऊ द्या एक." बाबा मिशीवर बोट ठेवायचे. रड पोरी, मनभर रड. लोक टाळ्या वाजवायचे. बाबा मान लववून त्या घ्यायचे, जेवढी लववता येत होती तेवढी.

वडशाहून कंपनीचे मालक श्रीहरीभाऊ आले. बाबांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले, डोळे पुसले आणि मग प्रवीणला घेऊन बाहेर गेले. मोसम तोंडावर होता. पडद्यामागून आवाज सोडायचा आणि समोर दुसऱ्या नटाने ओठ हलवायचे, असं त्यांच्या मनात होतं. प्रवीण त्यांच्याबरोबर मांडी घालून बसला आणि बाबांनी जन्मात न म्हटलेले संवाद टॅबमध्ये टाइप करत राहिला. टॅब ते म्हणत राहिला. बाबा खाटेवरून ऐकत होते. डोळे मिटलेले, मी वाचून दाखवायचे तेव्हासारखे.

मानेतली गाठ फुटायला आली आणि दुखणं सुरू झालं.

मी शनिवारी एसटीने यायची. त्या शनिवारी मी वॉर्डात शिरले तेव्हा खाटेभोवती कडं होतं आणि लोक मोबाईल उंच धरून होते. आतून बाबांचा आवाज येत होता. लय दुखून राह्यलं. हसू. लय दुखून राह्यलं. हसू. प्रत्येक वेळी टाळ्या पडत होत्या. मी माणसं बाजूला केली. बाबांनी एका हाताने मान धरली होती आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच चित्रावर आपटत होते. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. समोरचा एक माणूस शेजारणीला सांगत होता, "काय अभिनय करते पाहा. जीभ नाई तं एवढं, जीभ असती तं काय केलं असतं."

मी सिस्टरला ओढून आणलं. तिने इंजेक्शन दिलं. सुई काढून ती म्हणाली, "ताई, मले वाटलं नाटकच करून राह्यले. सकाळपासून तेच चालू होतं. मीच त्याईले म्हटलं, पाटील, आज नवीन डायलॉग का?"

सकाळपासून, असं ती म्हणाली. माय तो आवाज सुरू झाला की वॉर्डाबाहेर जाऊन बसायची. बुधू भिंतीकडे तोंड करून पडला होता.

प्रवीणचं आणि माझं जिन्यात भांडण झालं. मी म्हटलं, हा आवाज काढायचा. तो म्हणाला, तुले त्यांची लाज वाटते, पहिलेपासून. पुस्तकं वाचून मोठी झालीस. मी म्हटलं, ते दुखतं म्हणतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यावर तो रडायला लागला. म्हणाला, "बाई, तो आवाज काढला तं बाबाचं उरते काय? मास आन् नळी."

टॅब घेऊन आम्ही मॅडमकडे गेलो. कहकशाँ मॅडम म्हणाल्या, भाऊबहीण कशाला ठरवता, ज्यांचा आवाज आहे त्यांना विचारा. त्यांनी बाबांना दोन्ही ऐकवले. एक पाटलाचा. दुसरा टॅबमध्ये मुळातच भरलेला, कोण्या अनोळखी पुरुषाचा, स्वच्छ, बातम्या दिल्यासारखा. बाबा कितीतरी वेळ टॅबकडे बघत राहिले. मग दाराजवळ उभ्या असलेल्या मायकडे बघितलं. मग दुसऱ्यावर बोट ठेवलं.

आमच्या घरात कोणी कोणासाठी काही सोडल्याचं बोलून दाखवत नाही. मायने फक्त स्टूल पुन्हा खाटेजवळ ओढलं.

पाटलाचा आवाज प्रवीणच्या फोनमध्ये राहिला आणि श्रीहरीभाऊंकडे गेला. यंदाच्या मंडयांत तो गाजतो आहे असं ऐकते.

नव्या आवाजाने दुखतं म्हटलं तर कोणी हसत नव्हतं. कोणी वळतही नव्हतं. वॉर्डात प्रत्येक खाटेवर एक मोबाईल बोलत असायचा, बातम्या, भजनं, कंपन्यांच्या सूचना, आणि त्यांत हा एक. लय दुखून राह्यलं, असं तो एखाद्या गाडीची वेळ सांगावी तसा सांगायचा. सिस्टर दोन खाटांपलीकडे असायची आणि तिला वाटायचं कोणाचा तरी फोन लागला आहे. एकदा कोणीतरी ओरडलं, अरे, तो मोबाईल बंद करा. गर्दी संपली. बुधू एकदाच म्हणाला, "पाटील मेला वाटते," आणि नंतर घरी गेला.

'शकू, जवळ बस' हे बाबांनी माझ्यासमोर नव्या आवाजात दाबलं. माय शेजारीच, भिंतीला टेकून पेंगत होती. तिने डोळे उघडले नाहीत. तिला कोणी हाक मारली आहे हे तिला कळलंच नाही. बाबांनी पुन्हा दाबलं. मग टॅब बाजूला सरकवला आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर एका बोटाने वाजवलं. दोनदा, थोडं थांबून पुन्हा एकदा.

माय उठून उभी राहिली. झोपेतच दोन पावलं दाराकडे गेली, कडी काढायला. मग कुठे आहोत ते तिच्या लक्षात आलं आणि ती मागे वळली. "आली, आली," म्हणाली. बाबांच्या बाजूला खाटेवर बसली, जे नियमात बसत नव्हतं.

पुढे तेवढ्यावरच चाललं; करिश्मा सिस्टरही आता मायला खाटेजवळून उठवत नसे. बोट वाजलं की माय बघायची आणि तिला कळायचं: पाणी, कूस, दुखणं. दुखणं असलं की ती सिस्टरसमोर जाऊन उभी राहायची आणि इंजेक्शन मिळेपर्यंत हलायची नाही. टॅब खणात गेला. मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. मला यापेक्षा चांगलं जमलं नसतं." त्या आठवड्यात बाबांना नीट झोप लागली. मायलाही. मी गडचिरोलीला परत गेले.

बाबांचा श्वास अडायला लागला तेव्हा त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं, जिथे रुग्ण जास्त गंभीर असतात. आत नातेवाईक चालत नाहीत. मायने तिथल्या सिस्टरला समजावून सांगितलं, की हे बोलत नाहीत, बोटाने वाजवतात, वाजलं की मला आत घ्या. ती सिस्टर बरं म्हणाली. दाराबाहेर बाक होता. माय तिथे बसली. दार लोखंडी पत्र्याचं होतं, आणि आतल्या यंत्रांच्या आवाजातून ते बोट तिला ऐकू यायचं. मी फोनवर विचारलं, येते का ऐकू? ती म्हणाली, "मले नाई येणार तं कोणाले येईन?" पहिल्या दिवशी तिने तीनदा दार वाजवून सिस्टरला सांगितलं, त्यांचं दुखते, पाहा. सिस्टरने पाहिलं, आणि तिसऱ्यांदा जरा रागावली.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. माय बाकावर पाय वर घेऊन बसली होती. मांडीवर डबा उघडा होता. ती भाकर खात होती. कितीतरी दिवसांनी तिला असं सावकाश खाताना पाहिलं. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल. सकाळपासून एकडाव बी वाजवलं नाई. दुखणं थांबलं असन."

मी तिच्याजवळ बसले. तिने मला अर्धी भाकर दिली. ती मी खाल्ली.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि सिस्टरने लटारूचं कोण आहे असं विचारलं. मी मायला बाकावरच बसायला सांगून आत गेले. डॉक्टर कागद भरत होते. मघाशीच गेले, म्हणाले, आम्ही प्रयत्न केला. बाबांचे दोन्ही हात मनगटाशी पट्टीने खाटेला बांधलेले होते. दांड्यापासून खाली, गादीला लागून. मी विचारण्याआधीच सिस्टर म्हणाली, "नळी ओढून राह्यले होते. आणि ते ठोकणं. बाकीचे पेशंट झोपत नाहीत. इथं सगळ्यांचेच बांधतो, ताई."

तिने एक हात सोडला. दुसरा, उजवा, मी सोडला. गाठ घट्ट होती. त्या हाताचं पहिलं बोट अजून वाकलेलं होतं. त्याच्याखाली चादर चोळामोळा होऊन गादीपासून निघाली होती, मूठभर जागेत, आणि तिथे कापड झिजून विरळ झालं होतं. बाकी चादर, सगळीकडे, एकही सुरकुती नसलेली. कापसावर आवाज होत नाही.

दाराच्या फटीतून मायचं पाऊल दिसत होतं, शेजारी काढून ठेवलेली चप्पल.

मी बोट सरळ केलं. चादर ओढून गादीखाली खोचली, हात तिच्यावर ठेवला. पट्ट्या पिशवीत टाकल्या. मग जाऊन दार उघडलं आणि मायला आत घेतलं.

ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पदराचं टोक ओलं करून तिने त्यांचा चेहरा पुसला, कपाळ, गाल, नळीच्या बाजूची कातडी, कुठे काही लागून राहू नये असा.

"झोपेतच गेले ना?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.